नळी आणि चाळणी

शुभदाताई दुभाष्याचं काम करताना दुसऱ्याचं दुःख ‘मी’ म्हणून सांगत. समोरची बाई रडत म्हणाली, ‘मला मारलं’, की ताई पोलिसाकडे बघून इंग्रजीत ‘मला मारलं’ असंच म्हणणार, ‘हिला’ नाही. बर्मिंगहॅममध्ये वीस वर्षं त्यांनी हेच केलं. “आपण नळी आहोत,” त्या म्हणत, “चाळणी व्हायचं नाही.”

मी नेमकी चाळणी झाले होते. शेजारच्या वैशालीच्या दारात पोलीस आले, तिला इंग्रजी धड येईना, म्हणून मी मध्ये पडले. ती म्हणाली, “यांनी माझा गळा दाबला.” तिचा नवरा आमच्या मंडळातला, गणपतीत सगळ्यांच्या पुढे. उगाच बोभाटा नको म्हणून मी सांगून टाकलं, नवरा-बायकोचं भांडण झालंय. तसंच नोंदलं गेलं.

पुढे त्याने तिला घराबाहेर काढलं. तिचा व्हिसा त्याच्या जिवावर. छळ सिद्ध झाला तरच तिला इथे राहता येणार होतं, आणि पोलिसांचं पत्र आलं: फक्त शाब्दिक वाद. अर्जाची मुदत संपायला बारा दिवस उरले होते. मी तिला ताईंकडे नेलं.

ताईंनी पत्र वाचून चष्मा काढला. “त्या दिवशी इंटरप्रिट कोणी केलं?”

वैशाली खाली बघत राहिली. तिने माझं नाव घेतलं नाही, ते मला जास्त लागलं.

“मी,” मी म्हणाले.

“उद्या दहाला पोलीस स्टेशन. खरं स्टेटमेंट दे.”

“ताई, मलाच आत टाकलं तर? आमचं इथे कायम राहायचं सेटलमेंट व्हायचंय अजून.”

“टाकलं तर डबा आणीन. पण जायचं.”

खोटं का सांगितलं, असं ऑफिसरने तीनदा विचारलं. “लाज वाटली म्हणून,” मी म्हणाले. ताई बाहेर बाकावर बसून होत्या. नवं पत्र यायला नऊ दिवस लागले. त्यात गळा दाबल्याचं लिहिलं होतं. वैशाली आज इथेच आहे, लहान मुलांच्या एका नर्सरीत काम करते.

गेल्या हिवाळ्यात ताई गेल्या. पक्षाघाताने त्यांचं इंग्रजी गेलं होतं, मराठी तेवढं उरलं होतं. शेवटच्या आठवड्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं वाटतंय? ते मी मराठीत सांगितलं. जन्मात कुणाला न घाबरलेल्या ताई म्हणाल्या, “भीती वाटते गं.”

‘जरा दमल्यात’ हे शब्द अगदी ओठांवर आले होते. ताई माझ्याकडेच बघत होत्या.

मी डॉक्टरांकडे वळले आणि इंग्रजीत म्हणाले, “मला भीती वाटते.”