अक्काचा डावा खांदा

नव्वदच्या आसपासची गोष्ट. माझी मोठी बहीण अक्का आणि मी धुळ्याच्या एकाच कॉलेजात शिकत होतो. तिथे धनुर्विद्येचा वर्ग नवीनच निघाला होता. बांबूची धनुष्यं, गवताचे भारे बांधून त्यावर चिकटवलेला कागद आणि शिकवायला खेळाचे सर. आम्ही दोघींनी नाव घातलं. मला वाटलं, दोरी ओढायला दंडात ताकद हवी. सर म्हणाले, "दंड विसरा. सगळा खेळ खांद्याचा आहे."

धनुष्य धरलेला हात सरळ, पण त्याचा खांदा खाली बसलेला हवा. ओढताना तो हळूच कानाकडे चढतो आणि चढला की बाण भरकटतो. उजवा कोपर मागे बाणाच्या रेषेत यायला हवा. ओढ पाठीतून हवी, मनगटातून नाही. माझा खांदा हमखास चढायचा. अक्काचा चढत नसे. दोरी हनुवटीला टेकली की ती अशी शांत उभी असायची, जणू तिने काही ओढलेलंच नाही. सर इतर मुलींना म्हणायचे, "तिच्याकडे बघा."

दुसऱ्या वर्षी थंडीत तिचा डावा खांदा दुखायला लागला. सरांनी तिला दोन-चारदा नीट पाहिलं.

"तुझा खांदा चढायला लागलाय, म्हणून दुखतोय. खाली घे."

खरंच चढत होता. अक्काला ते फार लागलं. घरी कपाटाच्या आरशासमोर उभी राहून ती रिकाम्या हाताने सराव करायची. खांदा दाबून खाली घ्यायची, ओठ चावायची, पुन्हा उभी राहायची. आई तेल कोमट करून चोळून द्यायची.

"इतला दुखस का व माय?" आई विचारायची.

"माझंच उभं राहणं चुकतंय," अक्का म्हणायची.

जळगावच्या स्पर्धेला आम्ही सगळ्या एसटीने गेलो. पारोळा येईपर्यंत अक्का डावा खांदा धरून बसली होती. मैदानावर तिने पहिला बाण लावला, दोरी अर्धी ओढली आणि धनुष्य खाली घेतलं. पुन्हा उचललं. खांदा कानाकडे चढला. सर मागून म्हणाले, "खांदा, खांदा." तिने धनुष्य गवतावर ठेवलं आणि खाली बसली. "सर, मला जमत नाही हो," एवढंच म्हणाली.

परत आल्यावर वडील तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. खांद्याचा एक्स-रे काढला. डॉक्टरांनी अक्काला बाहेर बसवलं आणि वडिलांशी बोलले. खांद्याच्या हाडात गाठ होती, वाईट जातीची. खांदा चढत होता तो त्या गाठीच्या दुखण्याने; तिच्या उभं राहण्यात काही चुकलं नव्हतं. दुखरं हाड तिने महिनोन्‌महिने दाबून जागेवर बसवलं होतं.

मुंबईच्या दवाखान्यात तिचा डावा हात खांद्यापासून काढावा लागला. शुद्धीवर आल्यावर ती मला म्हणाली, "म्हणजे मी नीटच उभी राहत होते ना गं?" मी हो म्हणाले. तिला बरं वाटलेलं दिसलं. मला तिथे उभं राहवेना.

पुढच्या उन्हाळ्यात ती गेली.

दहाव्यानंतर सर घरी आले. खुर्ची दिली तरी सतरंजीवरच बसले. मग वडिलांना म्हणाले, "पोरीला दुखत होतं आणि मी खांदा खाली घे म्हणत राहिलो."

"सर, आम्ही तरी काय केलं? तेलच चोळत बसलो," वडील म्हणाले.

चहा तसाच राहिला. सर उठले, दारात चपला घालायला लागले. तेव्हा आई भिंतीला टेकूनच म्हणाली, "सर, मनी पोर बाण चांगला मारे का?"

आईने आपल्या पोरीला मैदानावर बाण मारताना कधी पाहिलंच नव्हतं. सर चपला सोडून पुन्हा आत आले. "थांबा, दाखवतो," म्हणाले. आईसमोर पाय रोवून ते उभे राहिले. डावा हात सरळ केला, खांदा खाली सोडला, उजवा कोपर मागे नेला आणि बोटं हनुवटीखाली टेकवली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण खांदे हलले नाहीत.

"अशी उभी राहायची, वहिनी," ते म्हणाले.

आई पदर तोंडाशी धरून बघत राहिली. सरांनीही बराच वेळ हात खाली घेतला नाही.