दिंडोरीचा सर्व्हर आणि वैशाली

वैशालीचा फोन आला आणि मी शुक्रवारची सुट्टी टाकली. नाशिकला कॉलेजात आम्ही दोघी एकाच कॉम्प्युटरवर लिनक्स शिकलो. मग मी नोकरीसाठी पुण्याला आले, ती लग्न होऊन दिंडोरीला गेली. तिच्या सासऱ्यांचं द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज आहे. तिथल्या सर्व्हरची जुनी सिस्टीम बंद पडत आलेली, नवीचा परवाना भलताच महाग.

"लिनक्सवर नेऊ म्हटलंय नानांना, ते फुकट असतं," ती म्हणाली. "पण एकटीने हात घालायला भीती वाटते गं. येशील?"

जाणाऱ्यांनी शिवाजीनगरहून सकाळची एसटी पकडावी. भूक मात्र राखून ठेवा, मिसळ नाशकात उतरूनच खायची. पुढे दिंडोरीला जीप मिळते, माणसं भरली की सुटते. म्हसरूळ मागे पडलं की हळूहळू द्राक्षबागा सुरू होतात, आणि मला उगाच गलबलून येतं.

शनिवारी दुपारी सगळी माहिती नव्या सिस्टीमवर आली. शेतकऱ्यांची नावं उघडली, तर नुसती चिन्हं! जुना मराठी फॉन्ट नव्या सिस्टीमला कळत नव्हता.

नाना मागेच उभे होते. "सोमवारी माल येतोय. कुणाचा माल कुणाच्या नावावर लागायचा? जुनंच राहू दे, सूनबाई."

"नाना, उद्यापर्यंत थांबा," वैशाली म्हणाली. हा आवाज मी कॉलेजनंतर ऐकलाच नव्हता.

मी जुन्या पावत्यांवरची छापील नावं वाचत होते, ती कुठल्या चिन्हाचं कुठलं अक्षर ते प्रोग्रॅममध्ये भरत होती. पहिल्या वेलांटीने फार छळलं, ती अक्षराच्या आधीच येऊन बसायची. सासूबाईंची भजी गार झाली. रविवारी जेवणाआधी नावं उमटली.

नाना पडद्याजवळ वाकले. "किसन... आपला किसनतात्या. बरोबर हाय!"

निघताना बागेच्या कडेने चालत होतो. "पुण्याला ये ना," मी म्हटलं. "आमच्याकडे जागा आहे."

"रोज मनात येतं," ती म्हणाली. "पण आता हेच माझं आहे. तू इथे राहिली असतीस तर..."

तेवढ्यात जीप आली.

सोमवारी तिचा मेसेज आला: माल आला, पावत्या निघाल्या. अडलं तर फोन कर, असं मी बजावून आले होते. अजून काही अडलेलं नाही. तुम्ही फेब्रुवारीत दिंडोरीला जरूर जा, घड भरलेले असतात. मला मात्र जायला आता कारणच उरलेलं नाही.