होडीचा फोटो

पणजीहून तो प्रिंटर आणला तेव्हा मला वाटलं, आता आपण जग जिंकलं. देवबागात डॉल्फिन बघायला येणाऱ्या पाहुण्यांचे फोटो काढायचे आणि ते बांगड्याचं जेवण संपवेपर्यंत छापून हातात ठेवायचे, हा माझा धंदा. कॉम्प्युटर नको, काही नको. कॅमेऱ्याचं कार्ड खुपसायचं, बटण दाबायचं. कागद चार वेळा आतबाहेर करायचा. आधी पिवळा, मग लाल, मग निळा, शेवटी वरून पारदर्शक थर. फोटो कोरडा ठणठणीत बाहेर यायचा. मी तो सगळ्यांसमोर पाण्याच्या बादलीत बुडवून दाखवायचो. काय होतंय त्याला!

पण ते चार फेरे म्हणजे जिवाला घोर. तिसऱ्या फेऱ्याला वीज गेली की कागद फुकट आणि तेवढी रंगांच्या पट्ट्यांची रिबनही फुकट. वाळूचा एक कण आत गेला की फोटोभर पांढरी रेघ, आणि आमच्या गावात वाळू नाही ती जागा दाखवा. फोटो पोस्टकार्डाएवढाच, मोठा मागितला की नन्नाचा पाढा. रिबन संपली की परत गोवा गाठा. मशीन चालू असताना मी कधी खाली बसलो नाही. वीज आहे ना, म्हणून पंख्याकडे बघत येरझाऱ्या घालायचो. आई म्हणायची, बाळंतिणीच्या दाराशी असल्यासारखा फिरतोस तू.

त्या मे महिन्यात बाबांनी होडी विकायची ठरवली. गुडघे गेले होते आणि मी काही समुद्रावर जाणारा नव्हतो. हे आम्ही कधी बोललो नाही, पण घरात ते होतंच. माझ्या धंद्याकडे कधी ढुंकून न बघणारे बाबा एका सकाळी म्हणाले, "इकूच्या आधी तिचो एक बरो फोटो काढ."

काढला. बाबा होडीच्या नाळेवर, तिच्या पुढच्या टोकावर, हात ठेवून उभे, तोंड गंभीर. फोटो सुरेख आला. पुढच्या आठवड्यात होडी दूर खारेपाटणच्या बाजूला गेली.

सुट्टीचे दिवस, पाहुण्यांची झुंबड, कार्ड भरलेलं. छापलेला फोटो बाबांकडे आहेच, असं म्हणत मी सगळं कार्ड पुसलं. एवढंच माझं पाप.

बाबांनी फोटो जपला तो दर्यावर्दी माणसासारखा. होडीचे कागद ज्या मऊ प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायचे, तिच्यात घालून पेटीत कपड्यांच्या तळाशी दाबला. आमच्याकडे पाण्यापासून वाचवायची वस्तू अशीच ठेवतात. मी पाण्याची बढाई मारली होती. प्लास्टिकचं मला कुठे ठाऊक होतं? खोक्यातल्या चिटोऱ्यावर लिहिलं होतं म्हणे. ते वाचतो कोण!

नारळी पौर्णिमेला बाबांनी पिशवी उघडली. रंग सगळा प्लास्टिकने ओढून घेतला होता. कागदावर उरला होता एक पिवळट डाग.

"होडी खंय गेली रे?" एवढंच त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, दुसरा छापतो. मग दोन दिवसांनी म्हटलं, कार्ड खराब झालं. धडधडीत खोटं. बाबा हूं म्हणाले. त्यानंतर ते अंगणात बसलेले दिसले की मी मागच्या दाराने बाहेर पडायचो. बादली दाखवायचंही मी सोडून दिलं.

पाऊस सरला आणि आईने मासे सुकत घातले. एक दिवस बघतो तर कावळे उडवायला तिने माझ्या वापरलेल्या रिबनी खोक्यांतून ओढून काठ्यांना बांधलेल्या, वाऱ्यावर फडफडताहेत. माझं डोकंच फिरलं. पाहुण्यांनी बघितलं तर काय म्हणतील, असं म्हणत मी त्या ओरबाडायला गेलो. बाबांनी काठीने मला अडवलं. ते एका पट्टीखाली मान वर करून उभे होते.

वापरलेल्या रिबनीवर फोटोचा ठसा उलटा राहतो, हे मला माहीत होतं. डोक्यात मात्र आलं नव्हतं. निळ्या पट्टीवर, रंग निघून गेलेल्या जागी, फिकट होडी होती. तिच्या नाळेवर हात ठेवलेला फिकट माणूस.

"हयसर आसा ती," बाबा म्हणाले.

मी धावत कॅमेरा आणला. बाबांनी दोन्ही हातांनी पट्टी उन्हात ताणून धरली. तीनदा फोटो हलला. चौथ्यांदा बरा आला. छापायला मी आत वळलो, तेव्हा पाठीमागून बाबा अगदी हळू बोलले.

"आता ह्यो पुसू नको, झिला."