मारुतीपुढची गोटी

नातीनं मोबाईलवर दाखवलं. फिलिपिन्सच्या एका बाईनं हातांना पांढरी पूड चोळली, लोखंडी वजन डोक्यावर नेलं आणि देशाला ऑलिंपिकमधलं पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. बाई रडली. मी तिच्या पांढऱ्या हातांकडेच बघत राहिले.

आमच्या ईट गावात मारुतीपुढं मोठी दगडी गोटी होती. जत्रेत गडी ती खांद्यावर घ्यायचे. बायकांनी शिवायची नाही. लग्नाआधी एका दुपारी, सगळे रानात असताना, मी चुलीतली राख हातांना चोळून ती उचलली. गार, खरखरीत दगड गालाला घासला.

मैत्रीण शेवंता ओरडली, "अगं ए मर्दिणी, टाक खाली! कुणी बघितलं तर लगीन व्हायचं न्हाय तुजं!"

टाकली. जमिनीला खळगा पडला. संध्याकाळी तो बघून गड्यांनी पाटलाच्या पोराची पाठ थोपटली आणि त्यानंही गुमान थोपटून घेतली. आम्ही दोघी भिंतीआड हसून बेजार.

त्या बाईचं जगानं बघितलं. माझं एकट्या शेवंतानं.

नातीला हे सांगितलं, तर म्हणाली, "काहीही हं, आजी!"

शेवंता असती तर लगेच तिला फोन लावून दिला असता.