घायाला घायपात

माझ्या गुऱ्हाळात खांबाला एक कागद चिकटवलेला असे. कोणाचा ऊस आधी, चरकाला बैल कोणते, जाळ कोण घालणार, सगळे त्यावर. खाली औषधे: भाजले तर कोरफड, खोकल्याला कोरफडीचा गर आणि हळद, घायाला घायपात. शेवटची ओळ मी कोणाला विचारून लिहिली नव्हती. बांधावरच्या त्या जाड, काटेरी पानांचे आम्ही कुंपण करत होतो, त्यांचा वाख काढून दोर वळत होतो. घाय म्हणजे जखम, तेव्हा गुण नावातच असणार, असे मी धरून चाललो.

संस्थानच्या महाराजांनी गुळाची नवी पेठ वसवली, त्यानंतरची ही गोष्ट. उचगावात जो तो गुऱ्हाळ घालत होता. माझे आणि चुलतभावाचे शेजारी शेजारी. मध्ये एक बांध आणि दोन वर्षांचा अबोला. पाकाची वेळ ओळखून गूळ काढणारा चांगला गुळव्या मात्र एकच, आणि तो माझ्याकडे.

काहील उतरवताना उकळता पाक त्याच्या उजव्या हातावर सांडला. याच हाताने तो पाण्यात पाकाची गोळी करून बघे. तो बसून राहिला तर माझा तोडून ठेवलेला ऊस वाळणार होता.

कोरफड जवळपास एकच होती, चुलतभावाच्या दाराला उलटी टांगलेली. मी गेलो. वहिनी उंबऱ्यातच उभी राहिली.

"गुळव्याचा हात भाजलाय. एक पान द्या."

"दाराची कशी काढू? तुमचीच दिष्ट लागू न्हाय म्हणून टांगलीया की!"

मी परतलो, बांधावरचे घायपात तोडले, ठेचले आणि फोड आलेल्या हातावर स्वतः चोळले. तो असा ओरडला की चरकाचे बैल थांबले. घटकाभरात हात मनगटापर्यंत लाल होऊन टरारला.

"काय लावलंसा हे?"

"घायपात. घायाचंच औषध."

"कुणी सांगितलं?"

मी कागदाकडे बोट केले.

"आवो मालक, घाय करतंय म्हणून घायपात! दोर वळणाऱ्यास्नी इचारा, हात कसं खाजत्यात. उद्या नाग चावला तर नागफणी बांधशीला व्हय?"

तो तडक बांध ओलांडून गेला. वहिनीने आपल्या हाताने कोरफड सोडली, पान सोलले, गर त्याच्या हातावर थापला. चुलतभाऊ मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बसा पावणं. आता आमचा गूळ काढा, मग बघू कुणाचा भारी ते."

दुसऱ्या दिवसापासून तो डाव्या हाताने गोळी बघत त्यांचा गूळ काढू लागला. मी बांधावरून ओरडलो, "डावा चालतोय, तर माझं काम का सोडलंस?"

"तुमच्याकडं त्योबी भाजला, तर काय लावशीला ह्याचं भ्या वाटतंय!"

तिकडे सगळे हसले. वहिनी सगळ्यांत मोठ्याने.

मी कागलहून दुसरा गुळव्या आणला, तोवर ऊस वाळून चिपाड झाला होता. तो काहिलीखालच्या चुलाणात घातला. जाळ चांगला लागला.