अण्णाची दहावी फेरी

सायकलवाले चार जण एकत्र आले की सायकल राहते बाजूला आणि तोंडं सुटतात. माझं मंगळवार पेठेत सायकलचं दुकान, त्यामुळे ही तोंडं माझ्याच बाकड्यावर सुटायची. पंक्चर एकाचं आणि चहा आठ जणांचा! त्यातूनच आमची ती रात्रीची रेस निघाली, आणि मग किस्से ठेवायला दुकानात जागा उरली नाही.

दोन हजार सालानंतर गिअरच्या, जाड टायरवाल्या सायकली कोल्हापुरात दिसायला लागल्या होत्या. आमच्यातले कांबळे सर हायस्कूलात गणित शिकवायचे. त्यांनी एक दिवस डिक्लेअर केलं, "रेस घ्यायची. गगनबावडा रोडला टेकडीवरून गोल फिरून येणारी कच्ची वाट आहे, दहा किलोमीटरची. संध्याकाळी सहा ते सकाळी सहा. दहा फेऱ्या करील तो फिनिशर."

रात्रीच का? कारण दिवसा सगळ्यांना कामं! सरांनी नियमही लिहून काढले, कलम एक ते सव्वीस. माणसं आली चौदा.

त्यातला एक अण्णा मगदूम. शिरोळकडचा जैन शेतकरी, उसाचा बागायतदार, चाळिशी ओलांडलेला. त्याला नंबर वगैरे नको होता. "दहा फेऱ्या एकदा पुऱ्या करायच्यात, बास. गावात सगळी म्हणत्यात, अण्णा कुठलं काम पुरं करत न्हाय." तो हे हसत सांगायचा, पण त्याला ते लागलेलं होतं.

*

सायकलचे चांगले दिवे तेव्हा आमच्या बापजन्मी कुणी पाहिले नव्हते. बंडू म्हणजे तालमीत वाढलेला गडी. त्यानं स्कूटरचा हेडलाइट हँडलला बांधला आणि स्कूटरचीच बॅटरी मागं कॅरियरवर. चढावर बंडू सायकल चालवतोय की सायकल त्याला खाली ओढतेय, कळत नव्हतं.

राखणीला बसलेल्या एका म्हाताऱ्याला एवढा मोठा उजेड येताना दिसला, पण आवाज काहीच नाही!

"पावणं, इंजान बंद पडलंय काय? ढकलू?"

"ढकला की!"

म्हाताऱ्यानं बंडूला माथ्यापर्यंत ढकलला. हे बंडूनंच येऊन कौतुकानं सांगितलं. सरांनी वही उघडली. "कलम नऊ, बाहेरची मदत. एक फेरी कट!"

बंडू म्हणाला, "सर, म्हातारा भायेरचा कुठला? हितलाच हाय की त्यो!"

*

पाण्याची सोय म्हणून वळणावरच्या वस्तीला सांगितलं होतं, दोन घागरी भरून ठेवा. आता कोल्हापुरात पाहुण्याला नुसतं पाणी? रात्री अकराला बघतो तर मांडव, पत्रावळ्या आणि तांबडा-पांढरा रस्सा!

पहिला गडी पाणी प्यायला थांबला, त्याला धरून बसवला. त्याला बघून दुसरा बसला. "आनि येक वाटी, माझ्या गळ्याची शपथ!" असा आग्रह. साडेअकराला अख्खी रेस पंगतीत होती. साडेबाराला अख्खी रेस मांडवात घोरत होती. कांबळे सरसुद्धा!

एकटा अण्णा फिरत होता. तो सूर्यास्तानंतर अन्नाला शिवत नाही. साडेपाचलाच घरनं आणलेल्या चपात्या आणि दहीभात हाणून मोकळा झाला होता. सातव्या फेरीत त्याची चेन तुटली. वस्तीवरची दुरुस्ती नियमात बसत होती, पण चेन जोडायचं हत्यार एकट्या माझ्याकडं, आणि मी ते उशाला घेऊन झोपलेलो.

सकाळी जाग आली तर अण्णा शेजारी गुडघे पोटाशी घेऊन बसलेला. मी ओरडलो, "अरे, उठवलं का नाहीस?"

"तीनदा उठवलं. तिन्ही येळंला म्हणालास, 'रस्सा बास!'"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या तयारीनं आलेल्या माणसाची रेस माझ्या झोपेनं घालवली होती.

*

दुसऱ्या वर्षी पुण्याहून एक पाहुणा आला. त्याची सायकल एका बोटावर उचलली जायची. छातीला पट्टा, मनगटावर घड्याळ आणि घड्याळात हृदयाचे ठोके! वस्तीवर थांबून त्यानं खिशातनं एक ट्यूब काढली आणि तोंडात पिळली. ताकदीचं काहीतरी जेल होतं ते. भाकऱ्या थापणाऱ्या काकूंनी बघितलं आणि त्या किंचाळल्या, "अगं बया, पोरगं मलम खातंय!"

दोघांनी त्याला धरलं, तिसऱ्यानं पाठीत धपाटे घातले. ट्यूब चुलीत गेली. मग काकूंनी मायेनं भाकरी आणि ठेचा भरवला. दुसऱ्या घासाला घड्याळातला आकडा एकशे नव्वदवर गेला.

सर वाकून बघत म्हणाले, "अरे, एवढा तर चढावरसुद्धा गेला नव्हता!"

*

त्याच रात्री तीनला अण्णाच्या आठ फेऱ्या झाल्या होत्या. हातात तीन तास! आम्ही खूश. पण नववी फेरी काही संपेना. चार वाजले, साडेचार वाजले. मी उलट्या बाजूनं शोधायला निघालो.

पायथ्याला उसाच्या फडाशी अण्णाची सायकल आडवी पडलेली. आणि अण्णा बूट काढून चिखलात उभा, हातात कुणाचं तरी खोरं! शेतीची लाइट रात्रीची असायची. ती आल्यावर मोटर आपोआप सुरू झाली होती आणि पाट फुटून पाणी वाटेवर आलं होतं.

"अण्णा, रेस!"

"पाणी वाया चाललंय की रं. बघून कसं जायाचं म्होरं?"

"शेत कुणाचं आहे?"

"कुणास ठावं. पर लावण झ्याक हाय!"

अण्णाच्या नऊच फेऱ्या झाल्या. सकाळी शेताचा मालक आला. त्यानं नीट बांधलेला पाट बघितला, अण्णाला बघितलं आणि म्हणाला, "पुढच्या साली बी येवा!"

घरी मात्र अण्णाच्या बायकोनं, सुमनवहिनींनी, निकाल लावला. "आता येकदाच. दहा न्हाई झाल्या तर सायकल माळ्यावर टाकायची. परत नाव काढायचं न्हाई." त्यानंतर वर्षभर अण्णा दुकानात आला की आधी चेन तपासून घ्यायचा.

*

तिसऱ्या वर्षी पहाटे साडेचारला अण्णा दहाव्या फेरीला निघाला. वहिनी मोपेडवरून आधीच येऊन बसल्या होत्या. दोघांचा मुक्काम जवळच नातेवाइकांकडे होता, तिथून त्या त्याला न्यायला आलेल्या. पाच वीसला बंडू अर्ध्या वाटेवरून मागं आला, धापा टाकत. "अण्णाचा दिवा गेला! चौथ्या किलोमीटरला दगडावर बसलाय."

पुढं सहा किलोमीटर, त्यात दरीच्या कडेची वाट. अंधारात पाऊल टाकायची सोय नव्हती.  मी माझा दिवा काढून पळणार, तर सरांनी हात आडवा घातला.

"कलम नऊ." सर माझ्याकडं न बघता म्हणाले. त्यांनाही अण्णा यायला हवा होता.

वहिनींनी पदर खोचला आणि मोपेड चालू केली.

"वहिनी, बाहेरची मदत चालत नाही!"

"मदत कोन करतंय? नवऱ्यासंगं भांडाय निघालीया मी. भांडनाला कलम हाय काय तुमच्यात?"

सरांनी सव्वीसच्या सव्वीस कलमं चाळली. नव्हतं.

थोड्या वेळानं टेकडीवरून आवाज यायला लागला. पुढं अण्णा, त्याच्या मागं हेडलाइट आणि हेडलाइटच्या मागं वहिनींचं तोंड.

"गोठ्याचं छप्पार तीन पावसाळं गळतंय! कुठलं काम पुरं केलंय आजवर? लग्नात तुमच्या मामानं मानपान काढला, तवापास्नं गप हाय मी!... अवो, डावीकडं दगड, दगड!... आनि दिवाळीला माझ्या भावाला काय बोललासा?... ब्रेक कशाला मारतायसा, वाट मोकळी हाय की!"

अण्णा नुसता जीव खाऊन पायडल मारत होता.

पाच छप्पन्नला तो रेघ ओलांडून आत आला आणि सायकलसकट आडवा झाला. मी त्याच्या गळ्यात पडून रडलो. सांगायला लाज कसली? वहिनी गाडी स्टँडला लावून पदरानं डोळे पुसत होत्या.

तेवढ्यात बंडू पेटला. "सर, माझी फेरी कट केलीसा! ही मदत न्हाई तर काय हाय?"

 सरांनी वही उघडली. बराच वेळ पेनचं टोपण चावलं, मग गणिताच्या पेपरवर लिहावं तशा सुबक अक्षरात लिहिलं आणि वही बंडूपुढं धरली.

"मगदूम. फेऱ्या : दहा. बाहेरची मदत : नाही. घरगुती भांडण : एक, सहा किलोमीटर."