जावयाचं घड्याळ

आमच्या घरात ते जपानी ऑटोमॅटिक घड्याळ आलं तेव्हा माझं लग्न ठरलेलंसुद्धा नव्हतं. पण जावयाला घड्याळ द्यायचं आणि ते चावीचं द्यायचं नाही, एवढं बाबांचं पक्कं होतं. आखातात नोकरीला असलेल्या माझ्या मामेभावाने ते आणलं. कस्टमवाल्यांनी विचारू नये म्हणून विमानात हातात घालूनच आला होता. दारात चप्पल काढायच्या आधी त्याने घड्याळ काढून बाबांच्या हातावर ठेवलं. बाबांनी ते निरखून पाहिलं, कानाला लावलं, हलकेच कलतं करून आतल्या वजनाची घरघर ऐकली आणि डबीत घालून कपाटात आईच्या शालूखाली ठेवून दिलं.

"एकदा हातात घालून तर बघा," मी म्हटलं.

"जावयाचं आहे ते. उष्टं करून देऊ?"

"आणि दादाने घालून आणलं ते?"

"ते कस्टमसाठी," बाबा म्हणाले. त्यांच्या लेखी वाद संपला.

घाटकोपरला टेकडीच्या उतारावरच्या चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या. बाबा मूळचे मालवणकडचे, उमेदीची वर्षं गिरणीत गेलेली. संपानंतर गिरणी सुटली आणि ते मुलुंडच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये लागले. त्यांच्या मनगटावर काचेला चरे पडलेलं जुनं देशी घड्याळ असायचं. रोज सकाळी अंघोळ झाली की त्याला बारा वेळा चावी द्यायचे, ना अकरा ना तेरा. असा माणूस बिनचावीच्या घड्याळाकडे कसा बघत असेल, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मला स्वतःला घड्याळांचं काडीचं वेड नाही. वेळ कळली की झालं. पण ते घड्याळ देखणं होतं, हे मान्य करते. निळी तबकडी, ऊन पडलं की मध्यभागी उजळणारी. स्टीलचा पट्टा. तीनच्या जागी तारीख आणि वाराची खिडकी, आणि आखातातला माल असल्यामुळे वार इंग्रजीत लावा नाहीतर अरबीत. सेकंदकाटा उड्या मारत नव्हता, शांतपणे सरकत जायचा. बाबा म्हणायचे, "सोन्याचं नाही, स्वित्झर्लंडचं नाही, साध्या माणसाला परवडेल असं आहे. आणि तरी बघ, कुठे हात राखून काम केलंय का?" परवडणारी वस्तू म्हणजे कशीतरी केलेली, असंच आम्ही आयुष्यभर पाहिलं होतं. बाबांना अप्रूप होतं ते त्या गोष्टीचं.

पुढे स्थळ आलं, ठरलं. साखरपुड्याच्या दोन दिवस आधी बाबांनी डबी उघडली तर घड्याळ बंद. बाबांचा चेहरा पडला. होणाऱ्या जावयाला बंद घड्याळ द्यायचं? त्यांनी सवयीने चावी दिली, तर ती नुसतीच फिरत राहिली, आत काही आवळतच नव्हतं. ते तसेच स्टेशनजवळच्या घड्याळजीकडे धावले. तासाभराने आले ते घड्याळ चालू करून, पण फणफणतच.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, काका, हे हातावर चालतं, कपाटात नाही. चावी द्यायची सोयच नाही त्यात. आणि मेल्याने स्वतःच्या हातात घालून हलवलं!"

आता साखरपुड्यापर्यंत ते चालू ठेवायचं कसं? घरात चार हात मोकळे होते, दोन बाबांचे आणि दोन माझे. पण माझ्या हातात ते लग्नाआधी शोभणार नाही आणि बाबांच्या हातात उष्टं होणार. शेवटी आई वैतागली. "तुमी गप बसा बघू. मी ह्या शेजारच्या झोळयेक बांधतंय." शेजारच्या बाळाच्या झोळीला, दोरीच्या गाठीजवळ, रुमालात गुंडाळून तिने घड्याळ खरोखरच बांधलं. दोन दिवस बाळ हललं तसं घड्याळ हललं, आणि साखरपुड्याच्या ताटात ते अगदी बरोबर वेळ दाखवत होतं.

लग्न होऊन मी अंधेरीला गेले. माझा नवरा साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये लेथवर कामाला. कमी बोलणारा माणूस. माझ्या तोंडाचा पट्टा सुरू असायचा आणि हे ऐकत असायचे. महिन्यातून एकदा आम्ही शनिवारी घाटकोपरला मुक्कामाला जायचो. रविवारी सकाळी अंघोळीला जाण्याआधी हे मनगटावरचं घड्याळ काढायचे आणि बाबांपुढे धरायचे.

"बाबा, जरा हातात घालता का? काढून ठेवलं की बंद पडतं हे."

पहिल्या वेळी बाबा मागे सरले. जावयाला दिलेली वस्तू सासऱ्याने कशी घालायची? "घालायचं कुठे, सांभाळायचंय फक्त," हे म्हणाले. सांभाळायला बाबांची हरकत नव्हती. आपलं जुनं घड्याळ त्यांनी खिशात टाकलं, नवं मनगटावर चढवलं आणि पेपर घेऊन गॅलरीत जाऊन उभे राहिले. मग दर महिन्याला तसंच. पेपर दोन्ही हातांनी उंच धरून वाचायचे, म्हणजे बाही आपोआप खाली सरकायची. जाणाऱ्या-येणाऱ्याने वेळ विचारली नाही तरी स्वतःहून सांगायचे. एकदा खालच्या नळावर भांडी घासणाऱ्या बाईला त्यांनी वरून वार सांगितला.

इकडे मोरीत यांची अंघोळ संपायची नाही. पाऊण तास तांब्या-तांब्याने पाणी अंगावर घेत बसायचे. घरी अंधेरीला हाच माणूस पाच मिनिटांत बाहेर यायचा. आमच्याकडे पाणी सकाळी तासभरच यायचं आणि आईचं पिंप तळाला जायचं. जावयाला बोलायची सोय नाही, म्हणून ती मला बोलायची. मला मेलीला दोघांचा राग यायचा.

लग्नाला वर्ष होत आलं होतं. त्या रविवारी नळाला पाणी कमी आलेलं, आई सकाळपासून कुरकुरत होती. यांनी नेहमीप्रमाणे घड्याळ काढलं. "बाबा, जरा घालता का, बंद पडेल."

आणि मी बोलले. "अहो, काहीतरीच काय सांगता! बंद कुठे पडतं? मागच्या शनिवारी संध्याकाळी काढून फळीवर ठेवलंत, ते सोमवारी कामावर जाताना घातलंत. चालूच होतं. चांगलं दीड दिवस चालतं ते. तुमची अंघोळ काय दीड दिवस चालणार आहे?"

आई हसली. माझ्या बोलण्याला हसू आलं म्हणून मलाही बरं वाटलं. बाबांनी पट्टा अर्धा मनगटावर चढवला होता. ते म्हणाले, "हो का? मला वाटलं, बंद पडतं." त्यांनी तो उतरवला, पंच्याच्या टोकाने काच पुसली आणि घड्याळ आरशाखालच्या फळीवर ठेवलं. पेपर घेऊन ते आत कॉटवर बसले. गॅलरीत गेले नाहीत. हे मोरीत गेले.

परतताना बसमध्ये हे म्हणाले, "तुला काय वाटलं, मला ठाऊक नव्हतं?"

"मग मला सांगायचं ना!"

"सांगण्यासारखं काय होतं त्यात?"

मी हातातल्या तिकिटाच्या घड्या घालू लागले. बाबांनाही ठाऊक असणार, हे तिथे बसल्या बसल्या लक्षात आलं. घड्याळजीकडे तासभर बसून आलेला माणूस, त्याने हे विचारलं नसेल? दोघांनाही सगळं ठाऊक होतं. न कळणारी मी एकटी होते, आणि मीच शहाणपण केलं. त्या एका वाक्यासाठी मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

पुढच्या महिन्यात गेलो तेव्हा मी ठरवूनच गेले होते. यांच्या आधी मीच म्हटलं, "बाबा, घाला ना. मला काय कळतंय त्यातलं? काल परत बंद पडलं होतं." धडधडीत खोटं बोलले.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, लहानपणी मी परीक्षेचे मार्क वाढवून सांगायचे तेव्हा बघायचे तसं. मग यांच्या हातातल्या घड्याळाकडे पाहिलं, आणि आपल्या जुन्या घड्याळाला चावी देत म्हणाले, "राहू दे हो जावईबापू. फळीवर ठेवा. तुम्ही अंघोळ करून घ्या."

त्या दिवशी यांची अंघोळ पाच मिनिटांत झाली.